दुसरा शनिवार, दुपारी तीन

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी दुपारी तीन ते रात्री दहा या सात तासांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे साडेऐंशी कोटी रुपये देशोदेशींच्या एटीएममधून निघून गेले. सोमवारी सकाळी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या आणि दोन महायुद्धे, पानशेतचा पूर पाहिलेल्या या बँकेवर असा घाला कधी पडला नव्हता.

नगर जिल्ह्यात ही हकीकत पुन्हा मांडायला हवी. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो हा जिल्हा. आज इथे तालुक्याच्या गावी नागरी बँक आहे, बाजारपेठेत पतसंस्था आहे आणि प्रत्येक काउंटरवर संगणक आहे. कॉसमॉसचे साडेऐंशी कोटी शनिवारी दुपारी गेले हे खरे. पण अशा दरोड्याचे घड्याळ कितीतरी आधी चालू होते. कुणाच्या तरी टेबलावरच्या साध्या संगणकातून पासवर्ड चोरला जातो, तो त्याचा पहिला ठोका.

कित्येक महिने आधी

अशा हल्ल्यांत चोर सहसा थेट मुख्य सर्व्हरवर येत नाही. तो आधी माणसासमोरच्या संगणकात शिरतो. याचा तपशीलवार नोंदला गेलेला एक दाखला बांगलादेश बँकेचा, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचा आहे. अमेरिकेच्या एफबीआयने न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराच्या नावाने मेल आले. भाषा नम्र, सोबत बायोडाटा उतरवून घेण्याची लिंक. चोरी झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले आणि तिथल्या कॅसिनोंत मुरले. मधले वर्षभर चोर बँकेच्या आत होते आणि रोजचे काम सुरळीत चालू होते.

या काळात संगणकात काय घडते ते जवळून पाहू. मेलमधून 'बायोडाटा' नावाची फाइल येते. चिन्ह पीडीएफचे असते. तिचे पूर्ण नाव मात्र 'बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असते. ओळखीच्या प्रकारच्या फाइलींची शेवटची अक्षरे विंडोज मुळातच लपवून ठेवते, म्हणून 'ईएक्सई' दिसत नाही. डबल क्लिक केले की समोर खरोखरच एक बायोडाटा उघडतो. कारकून तो वाचतो, बंद करतो, चहाला जातो. तेवढ्या वेळात एक छोटासा प्रोग्राम वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' या फोल्डरात जाऊन बसतो. हे फोल्डर सहसा नजरेला पडत नाही. प्रोग्राम विंडोजच्या एखाद्या अपडेटसारखे नाव घेतो आणि विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीत आपली एक नोंद करून ठेवतो. संगणक चालू झाला की तोही चालू झाला पाहिजे, एवढाच त्या नोंदीचा अर्थ.

मग चोरी सुरू होते. पहिला हात ब्राउझरवर पडतो. 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' या प्रश्नाला आपण दिलेले प्रत्येक 'हो' ब्राउझरने एका फाइलीत साठवलेले असते. ती फाइल सांकेतिक रूपात असते, पण मूळ पद्धतीत तो संकेत त्या वापरकर्त्याच्या विंडोज लॉगिनशी जोडलेला असतो. त्याच लॉगिनखाली चालणाऱ्या प्रोग्रामने मागितले की विंडोज तो उलगडून देते. वर्षानुवर्षे साठलेले पासवर्ड गोळा करायला काही सेकंद पुरतात.

जे साठवलेले नाही त्यासाठी कीलॉगर असतो. तो कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण टिपतो आणि कोणत्या खिडकीत दाबले तेही लिहून ठेवतो. त्यामुळे 'लॉगिन' या शब्दानंतर आलेली दहा-बारा अक्षरे कशाची आहेत हे चोराला वेगळे शोधावे लागत नाही. कॉपी-पेस्ट केलेला मजकूर टिपला जातो, ठराविक वेळाने पडद्याची छायाचित्रे घेतली जातात. ब्राउझरच्या कुकीजही उचलल्या जातात. आपण ओटीपी टाकून एकदा आत शिरलो की संकेतस्थळ आपल्याला पुढे ज्या खुणेने ओळखते, ती खूण कुकीत असते. ती हाती लागली आणि अजून चालू असली, तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

गोळा झालेला माल बाहेर जातो तो नेहमीच्या इंटरनेटच्या वाटेने, इतर शेकडो वेबपानांच्या रहदारीत मिसळून. संगणक मंदावत नाही, कोणती चूक दाखवत नाही. म्हणूनच हा काळ महिनोन्‌महिने लांबू शकतो.

काही आठवडे आधी

एका संगणकाचा पासवर्ड हाती आला की पुढच्या संगणकाची वाट उघडते. अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने २ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांच्या आत, एटीएम लुटीच्या अशा हल्ल्यांबद्दल इशारा प्रसिद्ध केला. या पद्धतीला तिने 'फास्टकॅश' असे नाव दिले होते. हल्लेखोर विंडोजवर चालणाऱ्या मालवेअरच्या मदतीने बँकेचे अंतर्गत जाळे धुंडाळत असावेत आणि खऱ्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनचा वापर करून एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकत असावेत, असे त्यात म्हटले होते. त्यांना शोध असतो पेमेंट स्विचचा, म्हणजे एटीएमकडून आलेल्या मागणीला 'पैसे द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर पाठवणाऱ्या सर्व्हरचा.

खऱ्या लॉगिनने कोणी आत आला की सुरक्षा यंत्रणेला तो आपलाच माणूस वाटतो. पासवर्डची चोरी ही पैशाच्या चोरीहून भयंकर ठरते ती यामुळे. पैसे गेल्याचे हिशेबात दिसते. पासवर्ड मात्र चोरीला गेल्यावरही जागच्या जागीच असतो.

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

एफबीआयने बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी मोठ्या रकमा काढण्याचा बेत असल्याचे कळते आहे आणि त्यामागे कार्ड देणाऱ्या कुठल्या तरी संस्थेत झालेली घुसखोरी असावी, असा तिचा आशय होता. कोणती संस्था, कोणता देश, याचा त्यात पत्ता नव्हता. पुण्यात शुक्रवारचे व्यवहार संपले, हिशेब जुळले, शाखा बंद झाल्या. पुढे दोन दिवस सुट्टी.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

हा दिवस योगायोगाने आला नव्हता. बांगलादेश बँकेवरचा घाला गुरुवारी रात्री घातला गेला होता, कारण ढाक्यात शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. ढाक्यातल्या लोकांना पत्ता लागला तोवर न्यूयॉर्कमध्ये शनिवार उजाडला होता. चोरांना सुट्ट्यांचे कॅलेंडर पाठ असते. पुण्यात दुसरा शनिवार, त्याला जोडून रविवार, आणि तोंडावर स्वातंत्र्यदिनाचा आठवडा होता.

तोवर तयारी पुरी झाली होती. बँकेच्या शेकडो कार्डांच्या बनावट प्रती तयार होत्या, निरनिराळ्या देशांत ती कार्डे घेतलेली माणसे एटीएमपाशी पोचणार होती. बँकेच्या यंत्रणेशेजारी एक खोटा स्विच उभा होता. बँकेने पुढे त्याला 'प्रॉक्सी स्विच' म्हटले.

दुपारी ३

एक व्यवहार सावकाश पाहू. कोणी तरी परदेशातल्या एटीएममध्ये कार्ड घालतो, पिन टाकतो, रक्कम मागतो. मागणी त्या एटीएमच्या बँकेकडून व्हिसाच्या जाळ्यात जाते आणि तिथून पुण्याला येते. नेहमीच्या दिवशी कॉसमॉसचा स्विच ती कोअर बँकिंगपुढे, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेपुढे, ठेवतो. हे कार्ड खरे आहे का, खात्यात एवढे पैसे आहेत का, आजची मर्यादा ओलांडली आहे का, हे सगळे तिथे तपासले जाते. मग उत्तर निघते. मंजुरीचा संकेत दोन आकडी असतो: शून्य शून्य.

त्या दुपारी मागणी कोअर बँकिंगपर्यंत गेलीच नाही. मधल्या खोट्या स्विचने ती अडवली आणि स्वतःच 'शून्य शून्य' पाठवून दिले. व्हिसाला उत्तर आले ते कॉसमॉसकडून, ठरलेल्या साच्यात. एटीएमने नोटा मोजून बाहेर दिल्या. खात्यात किती शिल्लक आहे हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. या जातीच्या हल्ल्यांत वापरलेल्या बहुतेक खात्यांत व्यवहार किरकोळ असतात किंवा शिल्लक शून्य असते, असे अमेरिकी इशाऱ्यातही नोंदवले आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट घडली. कोअर बँकिंगला काहीच कळले नसल्यामुळे एकाही ठेवीदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत. म्हणून कुणाच्या मोबाइलवर 'आपल्या खात्यातून इतके रुपये काढले' असा संदेश येण्याचाही प्रश्न नव्हता. जो खातेदार एरवी पहिला ओरडला असता, त्यालाही अंधारात ठेवले गेले होते.

दुपारी ३ ते रात्री १०

पुण्यात तीन वाजले तेव्हा हाँगकाँगमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, लंडनमध्ये सकाळचे साडेदहा, टोरांटोत पहाटेचे साडेपाच. घड्याळ पुढे सरकत गेले तसे एकेका देशात दुकाने उघडत गेली. २८ देशांत मिळून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांवर २ हजार ८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले. सात तासांचा हिशेब मांडला तर दर मिनिटाला पस्तीस व्यवहार होतात. परदेशात एका व्यवहारामागे सरासरी ६५ हजार रुपये निघाले, देशात पावणेनऊ हजारांच्या आसपास. देशातला आकडा लहान दिसतो, पण ते पैसे काढणारे हात आपल्या गावांतले होते.

कोल्हापूर परिसरातल्या एटीएममधून सुमारे ८९ लाख रुपये काढले गेल्याचे तपासात निघाले. सूत्रधार कुठल्या देशात बसला होता याची ते पैसे काढणाऱ्यांना कल्पना असेलच असे नाही. हातात कार्डांची चळत दिलेली, पिन सांगितलेला आणि कमिशन ठरलेले. एटीएमवरच्या कॅमेऱ्यांत त्यांचे चेहरे आले आणि पोलिसांच्या हाती आधी लागले ते तेच.

रात्री १०

संशयास्पद व्यवहार ध्यानात आल्यावर बँकेने कार्डांची यंत्रणा बंद केली. सात तासांत १४ हजार ८४९ व्यवहार झाले होते.

रविवार, १२ ऑगस्ट

एफबीआयची शुक्रवारची गोपनीय सूचना सायबर सुरक्षेवर लिहिणारे अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी रविवारी जाहीर केली. ज्या संकटाची ती सूचना होती त्याच धाटणीचे संकट पुण्यात आदल्या दिवशीच घडून गेले होते.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

एटीएमचा घाव बसून साडेसदतीस तास झाले होते. तेव्हा दुसरा घाव आला, तो वेगळ्याच दारातून. आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेत 'एएलएम ट्रेडिंग लिमिटेड' या नावाच्या खात्यावर वळते झाले. स्विफ्टचा संदेश हा बँकेचा शब्द मानला जातो. तो बाहेर पडला की समोरची बँक त्यावर विश्वास ठेवून पैसे जमा करते.

या घटनाक्रमात माझी नजर इथेच अडते. एटीएमची वाट बंद झाली होती, पण ज्याने स्विचपर्यंत मजल मारली त्याच्या हाती आणखी कोणत्या खोल्यांच्या किल्ल्या असतील? पासवर्ड चोरणारा आत असेपर्यंत एक दार लावून घर सुरक्षित होत नाही. घुसखोरी कळली त्या क्षणापासून आतला प्रत्येक पासवर्ड चोराला ठाऊक आहे असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे लागते. हे कोण्या एका बँकेला उद्देशून नाही. प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने ते भिंतीवर लिहून ठेवावे.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. अध्यक्ष मिलिंद काळे यांनी बँकेच्या वतीने सांगितले की कोअर बँकिंग अबाधित आहे आणि ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत. खबरदारी म्हणून एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवण्यात आले. ठेवीदारांना झळ पोचली नाही. तोटा बँकेच्या अंगावर आला, आणि सहकारी बँक म्हणजे तिचे सभासद.

त्यानंतरची वर्षे

राज्य आणि पुणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातून आणि बाहेरून अटका झाल्या. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी सुमारे पावणेसहा कोटी रुपये परत आणण्यात यश आले.

सूत्रधार कोण, याचा माग उत्तर कोरियाकडे गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचे नाव घेऊन हा हल्ला त्या देशाच्या सायबर हस्तकांशी जोडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाच्या तीन लष्करी हॅकरांवरचे आरोपपत्र उघड केले. त्यांच्यासाठी पैशाची विल्हेवाट लावणाऱ्या गालेब अलॉमरी नावाच्या इसमाने गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये भारतातल्या एका बँकेच्या एटीएम लुटीतले पैसे फिरवल्याचाही त्या कबुलीत उल्लेख आहे. त्याला अकरा वर्षे आठ महिन्यांची कैद झाली.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट ठरवून दिली आणि २०१९ च्या अखेरीस ती बँकेच्या डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार आणि पेमेंट यंत्रणांशी असलेल्या जोडणीनुसार पायऱ्यापायऱ्यांनी कडक केली. पतसंस्था मात्र या चौकटीत येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या कायद्याखाली चालतात आणि तिथल्या ठेवींना बँकेसारखे पाच लाखांचे विमा संरक्षणही नाही. शेवगावच्या शेतकऱ्याने कापूस विकून ठेवलेले पैसे पतसंस्थेत असतील, तर त्या पैशाचा पहारेकरी आहे काउंटरवरचा एक संगणक.

आज, नगर जिल्ह्यात

आता पासवर्ड चोरायला लष्करी हॅकर लागत नाहीत. रेडलाइन, लुमा अशी तयार चोर-सॉफ्टवेअरे भाड्याने मिळू लागली. मे २०२५ मध्ये लुमाच्या जाळ्यावर मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकी सरकारने कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत विंडोजवर चालणारे ३ लाख ९४ हजारांहून अधिक संगणक बाधित झाल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. ही सॉफ्टवेअरे अनेकदा येतात फुकटच्या 'क्रॅक'मधून. डीटीपीवाला किंवा फोटो स्टुडिओवाला महागडे सॉफ्टवेअर क्रॅक करून बसवतो. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते आणि तो ती निमूट पाळतो. त्याच संगणकावर संध्याकाळी संस्थेचे ऑनलाइन काम उरकले जाते.

म्हणून काही गोष्टी आजच करता येतात. पैसे पाठवण्याचा संगणक वेगळा ठेवा, त्यावर मेल नको, पेनड्राइव्ह नको, फुकटचे सॉफ्टवेअर नको. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. विंडोजमध्ये फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी सोय करून घ्या, 'ईएक्सई' डोळ्यांना दिसू द्या. संशय आला तर त्या संगणकाचे इंटरनेट काढा, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतील. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तासाभराच्या विलंबानेही ती रक्कम चार खाती पुढे गेलेली असते. आणि सुट्टीच्या दिवशी यंत्रणेवर नजर ठेवणारा माणूस नेमा.

सर्वांत मोलाची गोष्ट सहकाराला शिकवावी लागत नाही. आपल्या वार्षिक सभेत चहाच्या खर्चाचा ठरावही सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय मंजूर होत नाही. मोठी रक्कम बाहेर जाताना मात्र आपण एका यंत्राचे 'शून्य शून्य' पुरेसे मानतो. ठराविक मर्यादेवरच्या प्रत्येक रकमेला दुसरा माणूस, दुसरा संगणक आणि आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर केलेला एक फोन, असा अनुमोदक हवा. चोर एका माणसाचा पासवर्ड चोरू शकतो. दोन माणसांनी दोन वेगळ्या वाटांनी दिलेला होकार चोरणे त्याला फार अवघड जाते. हा नियम करायला रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्या आणि त्याच बैठकीत मंजूर करा.